‘सोलर एसी’चे दावे आणि युनिटांचा हिशेब

‘सोलर एसी’ या नावाखाली आज बाजारात तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत गच्चीवरची सौर पॅनेल नेट मीटरमार्फत वीज कंपनीच्या वाहिनीला जोडलेली असतात आणि घरात कुठल्याही दुकानात मिळणारा नेहमीचा एसी असतो. दुसरीत पॅनेलच्या तारा थेट एसीच्या आउटडोअर युनिटमध्येच जातात. ऊन असेल तेव्हा तो पॅनेलच्या डीसी विजेवर चालतो आणि कमी पडेल तेवढी वीज घराच्या जोडणीतून घेतो. तिसरीत आउटडोअर युनिटशेजारी काचेच्या काळ्या नळ्यांचा, सौर बंबासारखा दिसणारा संग्राहक बसवलेला असतो. वस्तू तीन असल्या तरी जाहिरातीतले दावे सारखेच असतात: वीजबिल शून्य, वीज गेली तरी गारवा, ऊन वाढेल तसा एसी जोमाने चालणार आणि पर्यावरणाला धक्का नाही. यांतला पहिला दावा अर्धसत्य आहे, दुसरा बहुतेक घरांपुरता खोटा आहे आणि तिसरा झोपायच्या खोलीला लागू पडत नाही. चौथ्यात एसीतल्या गॅसचा उल्लेख सोयीस्करपणे राहून जातो. गच्चीवरच्या सौरविजेची उपयुक्तता यातून कमी होत नाही. ‘सोलर एसी’ म्हणून एकत्र बांधून विकल्या जाणाऱ्या यंत्राची उपयुक्तता मात्र फारशी उरत नाही.

हिशेबाला आधी मापे हवीत. एसीची क्षमता टनांत सांगतात. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेगाने खोलीबाहेर काढणे म्हणजे एक टन, किलोवॅटमध्ये ३.५२. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला ५.३ युनिटांइतकी उष्णता बाहेर टाकतो, पण मीटरवर त्याच तासाला दीड युनिटाच्या आसपासच वीज पडते. एसी उष्णता फक्त एका जागेहून दुसरीकडे नेतो, म्हणून एका युनिटात तीन-चार युनिटांइतकी उष्णता हलते. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर खोली गार झाल्यावर मंदावतो, त्यामुळे अख्ख्या हंगामाची सरासरी आणखी चांगली येते. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे ‘बीईई’ ज्या निकषावर स्टार देते तो हाच हंगामी सरासरीचा आकडा: बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश असताना वर्षाला १,६०० तास एसी चालला असे धरून काढलेला. जुलै २०२२ पासूनच्या तक्त्यात स्प्लिट एसीला फाइव्ह स्टारसाठी हा आकडा किमान ५.०० असावा लागत होता. अशा दीड टनी एसीच्या स्टिकरवर वर्षाचा वापर साधारण ७५० ते ८५० युनिटे लिहिलेला दिसतो. थ्री स्टारचा हजाराच्या आगेमागे.

१,६०० तास हा आकडा तुलनेसाठी आहे. पुण्यात मार्च ते मे रोज रात्री आठ तास एसी लावला तरी साडेसातशे तासांच्या आत हिशेब संपतो. नागपूर-चंद्रपूरकडे तो बराच लांबतो आणि मुंबईच्या दमट हवेत ऑक्टोबरही त्यात धरावा लागतो. तरीही स्टिकरवरचा आकडाच घेऊ. महाराष्ट्रात एक किलोवॅटची पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिटे देतात, म्हणजे सरासरी रोजची चार. त्यांना गच्चीवर शंभर चौरस फूट जागा लागते. वर्षाच्या बेरजेत एक किलोवॅटची पॅनेल एका फाइव्ह स्टार एसीचा वापर भागवून वर पंखे, दिवे आणि फ्रिजचा काही भाग उचलतात. ‘सोलरवर कुठे एसी चालतो’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे इथेच निकालात निघते. वीज किती, याचे उत्तर सोलरच्या बाजूने आहे. अडचण ती वीज कधी तयार होते आणि कोणत्या वाटेने वापरली जाते, इथे सुरू होते.

तीनपैकी सर्वांत फसवा प्रकार नळ्यांचा आहे. विक्रेत्यांचे स्पष्टीकरण असे: कॉम्प्रेसरमधून निघालेला गॅस नळ्यांमधून जाताना सूर्याच्या उष्णतेने आणखी तापतो, त्याचा दाब वाढतो, तेवढे काम कॉम्प्रेसरला करावे लागत नाही आणि तीस ते पन्नास टक्के वीज वाचते. कॉम्प्रेसरमधून निघणारा गॅस मुळातच ७० ते ९० अंशांवर असतो, आणि त्याच्यापुढचे एकमेव काम ती उष्णता कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत टाकून द्रवरूप होणे हे असते. त्याला वाटेत आणखी तापवले तर ती जादा उष्णताही कंडेन्सरलाच टाकावी लागते. कंडेन्सरमधला दाब उष्णता किती सहज बाहेर पडते यावर ठरतो. उष्णतेचा भार वाढला की दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाविरुद्ध गॅस ढकलायला कॉम्प्रेसरला जास्त वीज लागते. दाव्यातला ‘दाब वाढतो’ एवढा भाग खरा आहे. त्याचा परिणाम दाव्याच्या नेमका उलट आहे. रात्री किंवा ढगाळ हवेत त्या नळ्या फक्त जास्तीची पाइपलाइन उरतात, आणि ती भरायला गॅसही जास्त लागतो.

मग असा एसी घेतलेल्यांना बिल कमी आल्याचा अनुभव का येतो? बहुतेकांनी दहा-बारा वर्षांचा जुना, एकाच वेगाने चालणारा एसी काढून त्या जागी नवा इन्व्हर्टर एसी लावलेला असतो. बचत खरी असते, पण ती कॉम्प्रेसरची असते. खात्री करणे अवघड नाही: सारख्या हवेच्या दोन दुपारी, एकदा नळ्या उघड्या ठेवून आणि एकदा जाड कापडाने झाकून, तेच तापमान लावून मीटर वाचावा. जो विक्रेता एवढी चाचणी ग्राहकासमोर करायला तयार होत नाही, त्याच्याकडून नळ्या विकत घेऊ नयेत.

सूर्याच्या उष्णतेने गारवा निर्माण होतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑग्युस्तँ मूशो या फ्रेंच शोधकाने आरशांनी ऊन एकवटून, त्या उष्णतेवर शोषण पद्धतीचे यंत्र चालवून बर्फ बनवून दाखवला होता. त्याच तत्त्वावरची यंत्रे आजही मोठ्या कारखान्यांत आणि इस्पितळांत चालतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो, लिथियम ब्रोमाइडचे द्रावण असते. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीने गुरुग्रामजवळच्या सरकारी सौरऊर्जा केंद्रात १०० किलोवॅटची अशी सौर शीतकरण यंत्रणा उभारली होती. पण घराच्या मापात हा मार्ग हरलेला आहे, आणि का हरला ते साध्या गुणाकारात दिसते. संग्राहकाने उन्हातली साठ टक्के उष्णता पकडली आणि साध्या शोषण यंत्राने तिच्या सत्तर टक्के गारवा दिला, तर उन्हाच्या शंभर भागांतून गारव्याचे बेचाळीस भाग हाती येतात. त्यावर कूलिंग टॉवर आणि पाण्याचा खर्च वेगळा. आजची पॅनेल उन्हातला वीस टक्के भाग विजेत बदलतात, आणि एसी त्या विजेच्या साडेतीन-चारपट उष्णता हलवतो. म्हणजे सत्तर ते ऐंशी भाग. उष्णतेवर की विजेवर, हा सौर वातानुकूलनाचा जुना वाद पॅनेल स्वस्त झाल्यावर आपोआप मिटला.

थेट पॅनेल जोडायचा एसी हा तांत्रिकदृष्ट्या प्रामाणिक प्रकार आहे. पॅनेलची डीसी वीज इन्व्हर्टर एसीच्या डीसी टप्प्यावर थेट घेतली की मधले रूपांतर आणि त्यातली थोडी गळती वाचते. एवढ्या फायद्यासाठी ग्राहक जे गमावतो ते मात्र फार मोठे आहे. अशा जोडणीत पॅनेल एकाच उपकरणाची बांधील होतात. एसी बंद असला की गच्चीवरची वीज ना फ्रिजला मिळते, ना पाण्याच्या मोटरीला, ना वीज कंपनीच्या वाहिनीला. ती तयारच होत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एसी वर्षातून तीन-चार महिने चालतो आणि त्यातही दुपारचा वाटा लहान असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र असते, हवा थंड असल्याने पॅनेल उत्तम चालतात, आणि नेमके त्याच महिन्यांत ही पॅनेल नुसती ऊन खात पडून राहतात. दोन किलोवॅटची पॅनेल वर्षाला २,८०० युनिटे देऊ शकत असताना त्यांतली पाचशेही हाती लागत नसतील, तर रूपांतरातली वाचलेली गळती कोणत्या तोंडाने सांगायची? शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान वाहिनीला जोडलेल्या छतावरील संचालाच मिळते: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. बांधील पॅनेल घेणारा या अनुदानावरही पाणी सोडतो. जिथे वाहिनीच पोचलेली नाही अशा शेतघराला किंवा दिवसभर चालणाऱ्या दुकानाला हा एसी शोभतो. शहरातल्या झोपायच्या खोलीला शोभत नाही.

सोलर एसीच्या समर्थकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद निसर्गाच्या जुळणीचा आहे. ऊन आणि उकाडा एकाच वेळी येतात. गारव्याची गरज सर्वाधिक असते तेव्हाच पॅनेल सर्वाधिक वीज देतात. म्हणून सौरविजेला याहून योग्य काम नाही. कचेरी, दवाखाना, बँक, सराफाची पेढी यांच्याबाबत हे बरोबर आहे. घराच्या बाबतीत त्यात दोन भोके आहेत.

पहिले भोक स्लॅबमध्ये आहे. पाच-सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचा विटांच्या तुकड्यांचा कोबा दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तास उशिराने आत सोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही: बाहेर संध्याकाळचा वारा सुटलेला असतो आणि छताला मात्र हात लावला तर कढत लागतो. त्यात घरची माणसे दिवसा कामावर, शाळेत. एसी लागतो रात्री दहा ते सकाळी सहा. या आठ तासांत सौर पॅनेलचे उत्पादन जवळपास शून्य असते. देशाच्या पातळीवरही हेच दिसते. ३० मे २०२४ रोजी भारताची विजेची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली, आणि ती भर दुपारी भागवता आली त्यात सौरविजेचा मोठा हात होता. वीज कंपन्यांची खरी तारांबळ सूर्य मावळल्यानंतर उडते, कारण तेव्हा सौरवीज थांबते आणि घराघरांतले एसी सुरू होतात.

दुसरे भोक तापमानाचे. पॅनेलची क्षमता २५ अंशांच्या सौरघटावर मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर तो घट ६० अंशांच्या पुढे जातो, आणि प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३५ टक्क्यांनी घसरते. म्हणजे लख्ख उन्हातही बारा-तेरा टक्के घट ठरलेली. धूळ आणि इन्व्हर्टरची गळती धरली की एक किलोवॅटचे साडेसातशे-आठशे वॅट उरतात. एसीची क्षमताही बाहेर ३५ अंश धरून लिहिलेली असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीत पारा ४५ च्या पुढे गेला की तोच दीड टनी एसी दीड टनाचे काम करत नाही आणि वीज मात्र जास्त खातो. ऊन वाढेल तसा एसी जोमाने चालतो हा दावा ज्या तासाबद्दल केला जातो त्या तासाला पॅनेल आणि एसी दोघेही आपापल्या कागदावरच्या आकड्याच्या खाली असतात.

‘रात्रीसाठी बॅटरी लावा’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. घरगुती इन्व्हर्टरला लागते ती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. ती लवकर मरू नये म्हणून निम्मीच वापरायची असते. दीड टनी चांगल्या एसीला उन्हाळ्याच्या एका रात्रीत पाच-सहा युनिटे लागली, तर अशा सहा-सात बॅटऱ्या हव्यात, आणि काही वर्षांनी पुन्हा तेवढ्याच. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या जास्त टिकतात, जास्त खोलवर वापरता येतात आणि स्वस्तही होत आहेत. तरी वर्षातल्या शंभर रात्रींसाठी एवढा साठा विकत घेऊन उरलेले दिवस तो रिकामा ठेवणे हा महागडा छंदच ठरतो. जिथे रोज तासन्‌तास भारनियमन आहे तिथला हिशेब निराळा.

भारनियमनावरून एक सर्रास होणारी फसगत सांगायला हवी. नेट मीटरने जोडलेला सौर संच वीज गेली की बंद पडतो, मग डोक्यावर कितीही ऊन असो. हा दोष नव्हे, सुरक्षेची सक्ती आहे: खांबावर चढलेल्या वायरमनला घराघरांतून उलट येणाऱ्या विजेचा झटका बसू नये म्हणून सौर इन्व्हर्टरने वाहिनीत वीज नाही हे ओळखून थांबलेच पाहिजे. बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घराला वाहिनीपासून तोडून चालू ठेवू शकतो, पण तो वेगळा संच आणि वेगळी किंमत. वीज गेली तरी गारवा, हे वाक्य साध्या संचाच्या जाहिरातीत असेल तर ते सरळ खोटे आहे.

शून्य बिलाचा दावा नेट मीटरवर उभा आहे. दिवसा वाहिनीत सोडलेली युनिटे रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, म्हणून रात्रीचा एसीही कागदावर सौर होतो. घरमालकासाठी ही व्यवस्था बॅटरीपेक्षा कैक पटींनी चांगली, आणि ती आहे तोवर तिचा लाभ घ्यावा. मात्र ती सवलत आहे. सवलतीच्या अटी राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी बदलतात. महावितरणाने २०२५ च्या दरप्रस्तावात दिवसाच्या सौरविजेची वजावट दिवसाच्याच वापरापुरती ठेवण्याची सूचना केली तेव्हा छतावर सोलर लावलेल्यांत खळबळ उडाली होती, कारण तशी अट आली तर रात्रीच्या एसीचा सगळा हिशेब उलटा होतो. आजच्या नियमांतही एक खाच आहे, जी विक्रेते क्वचितच सांगतात. आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार शिल्लक युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस मिटवला जातो: उरलेली युनिटे आयोगाने ठरवलेल्या, ग्राहक स्वतः भरतो त्याहून बऱ्याच कमी दराने वीज कंपनी घेते आणि एप्रिलपासून पाटी कोरी होते. थंडीत साठलेली युनिटे एसीचा खरा हंगाम सुरू होताना हाताशी नसतात. एप्रिल-मेमधले उत्पादन भरपूर असते म्हणून फार ओढाताण होत नाही, पण ‘वर्षाची बेरीज वर्षाच्या वापराला पुरते’ एवढ्यावर संचाचा आकार ठरवणे चुकीचे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. आणि बेरीज जमली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. ‘शून्य’ हा आकडा बिलाच्या तळाशी येत नाही.

पैशाच्या हिशेबात घरगुती दराचे टप्पे महत्त्वाचे. महावितरणाचा दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांवर चढतो. एसीची युनिटे नेहमीच्या वापरावर चढून बसतात, म्हणून ती घरातली सर्वांत महाग युनिटे असतात. महिन्याला दोनशे युनिटांच्या आत राहणाऱ्या आणि फक्त उन्हाळ्यात चारशेवर जाणाऱ्या घराला आधी वापर उतरवण्यातच मोठी बचत आहे. पॅनेल त्यानंतर.

फुकट विजेच्या भाषेचे नुकसान इथे सुरू होते. सोलर लावल्यावर एसीचे तापमान १८ वर आणून वर गोधडी पांघरण्याची सवय अनेक घरांत लागते, कारण वीज ‘आपलीच’ असते. बीईईच्या म्हणण्यानुसार एसीचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते; १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियमही आहे. २४ ऐवजी २७ लावून वर पंखा फिरवला तर देहाला पडणारा फरक थोडा आणि मीटरला पडणारा मोठा. बीएलडीसी पंखा तीसेक वॅट घेतो, जुना पंखा पंचाहत्तर. वाया गेलेले युनिट दुपारचे असेल तर ते शेजाऱ्याच्या घरी जाऊन तेवढा कोळसा वाचवू शकले असते. रात्रीचे असेल तर ते बहुतांशी कोळशातूनच आलेले असते.

उष्णता आत येऊच न देणे हा सर्वांत स्वस्त ‘सोलर एसी’ आहे, आणि त्यावर कोणाला कमिशन मिळत नसल्याने त्याची जाहिरात होत नाही. गच्चीला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली, कोब्यावर पांढरी चायना मोझॅक, दरवाजाच्या फटी बुजवणे: यांतल्या कशालाही अर्ज, मीटर किंवा अनुदान लागत नाही. खिडकीची सावली बाहेरून हवी. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. सौर पॅनेलही इथे दुहेरी काम करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी २०११ मध्ये मोजून दाखवले की पॅनेलच्या सावलीतल्या छताला पोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होते. खाली हवा खेळेल एवढी उंची ठेवून पॅनेल लावली तर खालच्या खोलीचा एसीचा भारच उतरतो. हा फायदा नेट मीटरच्या नियमांवर अवलंबून नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यानेही २०३७-३८ पर्यंत गारव्याची मागणीच २० ते २५ टक्क्यांनी खाली आणण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

विदर्भात तर प्रश्न आणखी मागे नेता येतो. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दीडशे-दोनशे वॅटमध्ये अख्खी खोली गार करतो. पॅनेलचा एक मोठा पत्रा त्याला पुरून उरतो. अकोला-नागपूरकडे मार्च ते मे कूलर आणि जून उजाडल्यावर हवा दमट झाली की एसी, अशी वाटणी केली तर एसीचे तास निम्म्याखाली येतात. पाणी लागते हे खरे, आणि टंचाईच्या गावात तो आक्षेप योग्यच आहे. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत मात्र कूलर फक्त घाम वाढवतो. तिथे एसीला चैन म्हणून हिणवणाऱ्यांनी मे महिन्यातली एक रात्र पत्र्याच्या खोलीत काढून पाहावी.

पर्यावरणाचा दावा विजेपाशी थांबतो, पण एसीचा दुष्परिणाम विजेपाशी थांबत नाही. आजच्या बहुतेक एसींत आर-३२ हा गॅस असतो. एक किलो आर-३२ हवेत गेला की त्याचा तापवण्याचा परिणाम शंभर वर्षांच्या मापात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. दीड टनी एसीत हा गॅस किलोभराच्या आसपास असतो. भारतीय वाहिनीतल्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर गॅस एकदा पूर्ण गळाला म्हणजे साडेनऊशे युनिटे विजेचा धूर झाला: फाइव्ह स्टार एसीच्या अख्ख्या वर्षाच्या विजेहून अधिक. जुन्या आर-४१०ए गॅसचा परिणाम याच्या तिप्पट. ‘दरवर्षी गॅस भरून घ्या’ असे सांगणारा मेकॅनिक जोडाची गळती न शोधता सिलिंडर रिकामा करत असेल, तर गच्चीवरच्या पॅनेलची पुण्याई तिथेच जमा-खर्चात संपते. एसी ही बंद यंत्रणा आहे. जोड नीट असतील तर त्यात वर्षानुवर्षे गॅस भरावा लागत नाही. प्रोपेन म्हणजे आर-२९० वर चालणारे एसी भारतात दशकाहून अधिक काळ मिळतात आणि त्या गॅसचा तापवण्याचा परिणाम नगण्य आहे. तो ज्वालाग्राही असल्याने बसवणारा प्रशिक्षित हवा, एवढीच अट. किगाली करारानुसार भारताला अशा तापवणाऱ्या गॅसांचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून उतरवायचा आहे. आज घेतलेला एसी तेव्हाही भिंतीवर असेल.

हे सगळे ज्याच्या डोक्यावर स्वतःची गच्ची आहे त्याच्यासाठी झाले. मुंबई, ठाणे, पुण्यात एसी घेणारा बहुतेक माणूस फ्लॅटमध्ये राहतो आणि गच्ची सोसायटीची असते. बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल टांगून ‘सोलर एसी’ चालवण्याच्या कल्पनेला हिशेबाचा आधार नाही: उभ्या लावलेल्या, निम्मा दिवस सावलीत राहणाऱ्या पॅनेलमधून रात्रीच्या एसीच्या वापराचा लहानसा तुकडाच निघतो. फ्लॅटवाल्यांसाठी खरा मार्ग सामूहिक आहे. ‘सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॅटच्या मर्यादेपर्यंत. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे त्यावर गेले की देखभाल खर्च उतरतो, आणि पंप दुपारी चालवता येत असल्याने सौरविजेशी त्यांची वेळ एसीपेक्षा चांगली जुळते. वरच्या मजल्यावरच्या घरांना पॅनेलची सावली वेगळी मिळते. तेव्हा फ्लॅटमालकाने ‘सोलर एसी’साठी बाजूला ठेवलेल्या पैशातून एसी फाइव्ह स्टार घ्यावा, खिडकीला बाहेरून सावली करावी, आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या संचाचा ठराव मांडावा.